नव्या रसिकाचा शोध : संग्रहालय, रंगभूमी आणि ग्रंथालय



शताब्दीच्या व्याख्यानमालेत गतकाळाचे स्मरण व्हावे ही प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. तथापि ज्या संस्थेला शंभर वर्षे होतात तिला एक प्रश्न टाळता येत नाही. जे आजवर तिच्या दाराशी आले नाहीत, किंबहुना ती आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यापर्यंत तिने पोहोचावे कसे? हा प्रश्न केवळ ग्रंथालयांचा नाही. चित्रसंग्रहालये, नाट्यगृहे, संगीतसंस्था या सर्वांपुढे तो गेली वीस-पंचवीस वर्षे उभा आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून सर्वत्र एकच नाव घेतले जाते, ते डिजिटल तंत्रज्ञानाचे. ('अंकीय' हा शब्द कोशात शोभून दिसतो, पण लोकांच्या तोंडी 'डिजिटल'च बसला आहे, तेव्हा येथेही तोच वापरलेला बरा.) या तंत्रज्ञानाने नवा रसिक खरोखर मिळतो काय, आणि मिळत असल्यास कोणत्या अटीवर, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आरंभ एका छायाचित्रापासून करता येईल. सन २०१४ च्या अखेरीस ॲमस्टरडॅम येथील राइक्सम्युझियम या नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते टिपले गेले. पार्श्वभूमीला रेम्ब्रांटचे 'नाइट वॉच' हे १६४२ सालचे भव्य चित्र, आणि त्याच्यापुढे बाकावर बसलेली शाळकरी मुले. एकाचेही लक्ष चित्राकडे नाही. सर्वांच्या माना आपापल्या मोबाइलमध्ये खाली घातलेल्या. हे छायाचित्र जगभर फिरले, आणि 'पाहा, ही आजची पिढी!' अशा उद्गारांसह फिरले. आपल्याकडेही ते पाहून उसासे टाकणारे पुष्कळ निघाले असतील. वस्तुस्थिती अशी होती की ही मुले संग्रहालयानेच तयार केलेल्या मोबाइलवरील मार्गदर्शकाच्या साहाय्याने शाळेने दिलेला अभ्यास करीत होती, आणि थोड्याच वेळापूर्वी ती चित्रे निरखून पाहत होती, असा खुलासा पुढे झाला. खुलासा अर्थातच छायाचित्राइतका फिरला नाही. वडीलधाऱ्यांची तंत्रज्ञानाविषयीची बरीचशी मते अशा एका क्षणाच्या दर्शनावर बेतलेली असतात, हे प्रारंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

या संग्रहालयाचा इतिहास थोडा तपशिलाने पाहण्याजोगा आहे. ॲमस्टरडॅममधील त्याची सध्याची वास्तू १८८५ मध्ये उघडली. २००३ मध्ये नूतनीकरणासाठी तिचा बहुतेक भाग बंद झाला. काम पाच वर्षांत उरकेल असा अंदाज होता, लागली दहा. एप्रिल २०१३ मध्ये राणी बिएट्रिक्स यांच्या हस्ते वास्तू पुन्हा खुली झाली. मधल्या दहा वर्षांत एका लहानशा भागात निवडक कृती मांडल्या होत्या. बाकी सारा संग्रह लोकांच्या दृष्टीआड होता. एरवीही संग्रहातील सुमारे दहा लाख वस्तूंपैकी दालनांत मांडता येतात त्या आठ हजारांच्या आसपास, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाहीत. उरलेल्या वस्तू कोठारात. ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांना हे प्रमाण ऐकून आपली मागच्या खोलीतली कपाटे आठवतील.

याच काळात संग्रहालयाला एक विलक्षण अडचण जाणवली. व्हर्मीर या डच चित्रकाराचे, सुमारे १६६० चे, दूध ओतणाऱ्या दासीचे एक छोटेखानी चित्र तेथे आहे. लांबीरुंदीला जेमतेम दीड फूट. खिडकीतून येणारा प्रकाश, पिवळी चोळी, निळे वस्त्र आणि भांड्यातून पडणारी दुधाची बारीक धार. इंटरनेटवर या चित्राच्या दहा हजारांहून अधिक प्रती फिरत होत्या, आणि त्यांपैकी बहुसंख्य कोणी पुस्तकावरून, कोणी जुन्या कार्डावरून काढलेल्या, रंग बिघडून पिवळ्या पडलेल्या होत्या. परिणाम असा झाला की संग्रहालयाच्या दुकानात विकावयास ठेवलेले मूळ रंगांचे चित्रकार्ड पाहून लोक म्हणू लागले की, हे कार्ड खरे नव्हे. खोट्या प्रतीने खऱ्या चित्रालाच संशयित ठरविले! आमच्या चित्राची प्रत कोणी घेऊ नये असा पहारा आजवर ठेवला, त्याचा लाभ काय झाला, असा प्रश्न तेथील जाणत्यांनी स्वतःला विचारला. प्रती तर झाल्याच होत्या. फक्त वाईट झाल्या होत्या.

यातून निघालेला निर्णय धाडसाचा होता. २०१२ च्या शरद ऋतूत, वास्तू उघडण्याच्या काही महिने आधी, संग्रहालयाने 'राइक्सस्टुडिओ' नावाने सव्वा लाख कलाकृतींची उत्तम प्रतीची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. नुसती पाहण्यापुरती नव्हेत. कोणीही ती उतरवून घ्यावी, तिच्यातील हवा तो तुकडा कापावा, कापडावर छापावा, भिंतीला लावावा, आपल्या आवडीच्या चित्रांचा स्वतंत्र संच जुळवून ठेवावा. परवानगी नको, शुल्क नको. पुढे संग्रहातील चित्रांवरून नव्या वस्तू घडविणाऱ्यांसाठी संग्रहालयाने पारितोषिकही ठेवले. रेम्ब्रांटच्या चित्राचा तुकडा कोणी उशीच्या अभ्य्रावर छापावा ही कल्पना जुन्या रसिकाला रुचणारी नाही, हे उघड आहे. पण उशीसाठी तुकडा निवडणारा माणूस त्या चित्रावर किती वेळ डोळे रोखून बसला असेल? दालनातून सहलीच्या घाईने जाणारा प्रेक्षक एका चित्रापुढे फार काळ थांबत नाही. निवड करावयाची म्हटली की पाहावेच लागते.

येथे एक सावधगिरी हवी. २०१३ नंतर संग्रहालयात वर्षाला वीस लाखांहून अधिक प्रेक्षक आले, या आकड्याचे श्रेय राइक्सस्टुडिओच्या पदरात घालणे चुकीचे होईल. दहा वर्षे बंद असलेली वास्तू नवी होऊन उघडली, त्याची ओढ मोठी होतीच. तथापि 'प्रत फुकट मिळाली की मूळ पाहायला कोण येणार?' ही जी भीती होती ती तरी निराधार ठरली, एवढे निश्चित म्हणता येते. त्याचा सर्वांत ठळक दाखला २०२३ चा. त्या वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात राइक्सम्युझियमने व्हर्मीरच्या ज्ञात सुमारे ३७ चित्रांपैकी २८ चित्रे एकत्र आणली. त्याच्या चित्रांच्या प्रती तोवर जगातल्या कोणत्याही मोबाइलवर फुकट दिसत होत्या. संग्रहालयाने स्वतः निवेदनासह त्यांचे घरबसल्या दर्शनही घडविले होते. तरीही प्रदर्शनाची तिकिटे आरंभीच्या दिवसांतच संपली, साडेसहा लाख लोक येऊन गेले आणि संग्रहालयाच्या इतिहासातले ते सर्वाधिक गर्दीचे प्रदर्शन ठरले. ज्याची प्रत घराघरांत, त्याचेच मूळ पाहण्यासाठी रांग. पंढरपूरला जाणाऱ्याच्या घरी विठ्ठलाची तसबीर नसते असे थोडेच आहे!

शिवाय चांगली प्रत कधी कधी मूळ कृतीपुढे उभे राहूनही न दिसणारे दाखवू शकते. 'नाइट वॉच'चे जे छायाचित्र जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले ते ८,४३९ स्वतंत्र छायाचित्रे जोडून केलेले आहे आणि त्यात ७१७ अब्ज बिंदू आहेत. त्यात चित्रातील माणसाच्या डोळ्यातला रंगाचा एकेक ठिपका आणि त्यावर गेलेली बारीक तडा दिसते. प्रत्यक्ष चित्र बारा फूट उंच आहे. वरच्या कोपऱ्यातला कुंचल्याचा फटकारा खाली उभ्या माणसाला कसा दिसणार? या प्रतीने संशोधकाची भिंगे शाळकरी मुलाच्या हाती दिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता दुसरी बाजू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग उपग्रहाद्वारे चित्रपटगृहांतून थेट दाखविण्यास आरंभ केला. पहिला प्रयोग मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'चा. नाट्यगृहात आसने सुमारे ३,८००. चित्रपटगृहांतून जगातल्या कितीतरी देशांत प्रयोग पोहोचू लागला. याच संस्थेचे रेडिओ प्रक्षेपण १९३१ पासून चालत आले होते, तेव्हा दूरच्या श्रोत्याची तिला सवय होती. ऑपेराला आता तरुण प्रेक्षक मिळणार, अशी मोठी आशा बाळगली गेली. अनुभव काय आला? चित्रपटगृहांत येणारा प्रेक्षक बहुतांशी वयोवृद्धच निघाला. ज्याला ऑपेरा आधीच प्रिय होता, पण गुडघे दुखतात, रात्री उशिरा परतणे जमत नाही, तिकीट परवडत नाही, तो जवळच्या चित्रपटगृहात जाऊन बसला. आसपासच्या शहरांतून पूर्वी न्यूयॉर्कला येणारे काही रसिकही तिकडेच वळले असावेत, अशी शंका खुद्द संस्थेकडूनच व्यक्त झाली.

म्हणून तो प्रयोग फसला असे म्हणावे काय? वृद्ध रसिकाला त्याची आवडती गोष्ट पुन्हा लाभणे हे काही कमी पुण्य नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने २५ जून २००९ रोजी रासीनच्या 'फेद्र' या नाटकाचा प्रयोग, हेलन मिरेन प्रमुख भूमिकेत असताना, असाच चित्रपटगृहांतून दाखविला. त्यानंतर झालेल्या पाहणीत तेथील प्रेक्षक नाट्यगृहातल्या प्रेक्षकांपेक्षा कमी उत्पन्न गटातले अधिक आढळले, आणि नवल असे की प्रयोगाशी भावनिकदृष्ट्या आपण अधिक समरस झालो असे चित्रपटगृहातल्यांनी सांगितले. कॅमेऱ्याने नटीचा चेहरा जवळ आणला होता, हे त्याचे एक कारण असावे. तेव्हा लाभ झालाच. पण ज्याला 'नवा रसिक' म्हणावे तो येथे तुलनेने कमीच आला.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की भेद दिसतो. ऑपेराने जे होते ते जसेच्या तसे दूरवर पाठविले. प्रेक्षकाचे काम तेच राहिले, खुर्चीत बसून पाहण्याचे. त्यामुळे ज्याला ते काम आधीच आवडत होते तोच मुख्यतः आला. संग्रहालयाने आपली उत्तम प्रत दिली आणि तिच्याशी काही करण्याची मुभाही दिली. ती घेऊन चित्रकलेशी कधी संबंध न आलेले विणकर, शिंपी, शिक्षक, शाळकरी पोरे यांना आत शिरता आले. तंत्र दोन्हीकडे उत्तम होते. फरक पडला तो समोरच्या माणसाच्या हाती काय दिले यामुळे.

मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा सारा परदेशी प्रपंच कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर फार दूर शोधावयास नको. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. त्यात लाकडी पेट्यांतून गावोगाव हिंडणारी फिरती ग्रंथालये होती, आणि जोडीला मॅजिक लँटर्न व चलच्चित्रे दाखविणारी एक दृश्यशिक्षण शाखाही होती. ज्याला अक्षरओळख नाही त्याला आधी चित्र दाखवावे, कुतूहल जागे झाले की पुस्तकाची पेटी त्याच्या गावी न्यावी, असा तो क्रम. 'ग्रंथालयात सिनेमा कशाला?' असे विचारणारे त्या काळीही असतीलच. नव्या वाचकाचा शोध आणि नवे तंत्र यांची सांगड मराठी राज्यकर्त्याच्या राज्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घातली गेली होती, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयांपुढे आज जो वाचक यावयाचा आहे तो कसा आहे? त्याच्या घरी मराठी बोलली जाते. आजीशी तो मराठीत भांडतो, सणाला मराठीत आरती म्हणतो. शाळा मात्र इंग्रजी, हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू माध्यमाची. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला देवनागरी येते. तरी मराठी मजकूर वाचताना तो 'ळ'पाशी अडखळतो आणि लांब वाक्यात हरवतो. बडोदे-हैदराबादच्या मुलाला लिपीपासूनच अडचण. म्हणजे हा वाचक भाषेला परका नाही, पानाला परका आहे. त्याच्यापुढे कादंबरीचे चारशे पानांचे बाड ठेवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीचे पाणी किती गोड आहे ते सांगणे होय.

अशा वाचकाला कानाची वाट मोकळी आहे. स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने २०१७ मध्ये भारतात बोलत्या पुस्तकांचा आरंभ केला तेव्हा इंग्रजी व हिंदीबरोबर पहिल्यापासून मराठी निवडली. मराठी श्रोता मोलाचा आहे हे परक्या व्यापाऱ्याला कळले. संस्थांना ते कळण्यास उशीर झाला, असे खेदाने म्हणावे लागते. व्यापारी कंपनी खपणारीच पुस्तके घेणार. न खपणाऱ्या पण मोलाच्या पुस्तकांना आवाज देणे हे काम ग्रंथालयाचे आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक शांत खोली, एक बरा मायक्रोफोन आणि स्पष्ट उच्चाराचे सभासद. गावोगावच्या मराठी मंडळांत निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची वाण नाही.

दुसरी वाट शोधाची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये मुंबईत छापला गेला आणि १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. आज जगाच्या पाठीवर कोठूनही तो कोश शब्द टंकून पाहता येतो, कारण शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर ठेवला आहे. १९३२ ते १९५० या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही तेथेच आहे. कोश आपला आणि कपाट शिकागोचे! अभिमान वाटावा की लाज, हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्यामुळे या कोशांना त्यांच्या कर्त्यांनी कल्पिले नसतील इतके वाचक मिळाले, यात शंका नाही.

येथे एका तांत्रिक बाबीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. पुस्तकाची पाने नुसती छायाचित्रित करून ठेवली तर ती पाहता येतात, त्यांत शोध घेता येत नाही. संगणकाला ते पान म्हणजे केवळ चित्र. अक्षर ओळखणारी प्रणाली देवनागरीसाठी आता बरी चालते, पण शिळाछाप पुस्तके, तुटके टाइप, पिवळा कागद यांपुढे तिची तारांबळ उडते. मग 'घर'चे 'धर' आणि 'भाव'चे 'माव' होते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान असले तरी पुष्कळ संस्थांनी आपल्या ग्रंथसूच्या पुढची अनेक वर्षे खासगी फॉन्टमध्ये टंकून ठेवल्या, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या सूच्या म्हणजे निरर्थक चिन्हांची माळ. पैसा खर्च झाला, काम झाले, आणि वाचकाला पुस्तकाचे नावही सापडेना. दूध ओतणाऱ्या दासीच्या पिवळ्या पडलेल्या प्रतींची ही मराठी आवृत्ती होय.

चुका दुरुस्त करण्याचे हे कंटाळवाणे काम नव्या वाचकाला आत घेण्याचे साधन होऊ शकते, हे मराठी विकिस्रोतावर दिसून येते. तेथे एका बाजूला मूळ पानाचे छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला संगणकाने ओळखलेला मजकूर ठेवलेला असतो. स्वयंसेवक ओळ न् ओळ ताडून पाहतो. पान तपासणारा विद्यार्थी ते पान वाचतोच, आणि त्याला 'माव' की 'भाव' हे ठरवावे लागते म्हणजे अर्थही लावावा लागतो. आजोबांनी वाचून दाखवावे आणि नातीने टंकावे, असे जोडीनेही हे होते. कायद्याचीही फारशी आडकाठी नाही. भारतात लेखकाच्या निधनाच्या वर्षानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य हक्कमुक्त होते. त्यानुसार हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन केव्हाच मोकळे झाले, साने गुरुजींचे २०११ मध्ये आणि मर्ढेकरांचे २०१७ मध्ये. त्यानंतरच्या लेखकांसाठी वारसांची लेखी संमती घ्यावी. 'कोण विचारतो' ही वृत्ती ग्रंथालयास शोभत नाही.

जुनी पुस्तके हाताळण्यासंबंधी एक सूचना येथेच केलेली बरी. पुस्तक उपडे घालून यंत्राच्या काचेवर दाबले की जुन्या बांधणीची शिवण तुटते आणि ठिसूळ कागद कोपऱ्यांशी मोडतो. पुस्तक अर्धवट उघडे राहील अशा घडवंचीवर ठेवून वरून छायाचित्र घ्यावे. एका पुस्तकाला वेळ अधिक लागतो, पण ते पुस्तक पुन्हा कपाटात जाण्याजोगे राहते.

निवड कोठून करावी याविषयी मतभेद होतील. नामवंतांची पुस्तके आधी घ्यावीत असे बहुतेकांना वाटेल, परंतु ती अन्यत्र कोणी ना कोणी घेतलेलीच असतात. या भागातल्या लेखकांनी लिहिलेली, येथल्या छापखान्यांत छापलेली पुस्तके, येथून निघून बंद पडलेली मासिके, मंडळांचे अहवाल, हौशी नाट्यप्रयोगांची हस्तपत्रके हे दुसरीकडे कोठेही मिळण्याचा संभव नाही. यादी करताना पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची देवघेवीची चिठ्ठी उलगडून पाहावी. ज्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा आहे ते पुस्तक वेगळे काढून मेजावर ठेवावे. त्याला उद्या जो वाचक मिळेल तो नवाच असेल.